स्क्रीन रीडर

संगणकाच्या पडद्यावरील मजकूर कृत्रिम वाणीने वाचून दाखविणारी अथवा ब्रेल पट्टीवर उमटविणारी आज्ञावली. तिच्या योगे अंध व्यक्ती माउसवाचून, केवळ कळफलकाच्या साहाय्याने संगणक हाताळू शकते. डॉस प्रणालीत पडद्यावरील प्रत्येक अक्षराचा संकेतांक संगणकाच्या स्मृतीत असे. तो वाचणे तुलनेने सोपे होते. टेड हेंटर या अंध अभियंत्याच्या कंपनीने १९८९ मध्ये काढलेली जॉज ही आज्ञावली प्रथम याच प्रणालीसाठी होती. चित्ररूप विंडोज प्रणाली आली आणि पडद्यावर उरले ते केवळ ठिपके. डॉसवर सरावलेल्या अंध कर्मचाऱ्यांपुढे त्यामुळे नवीच अडचण उभी राहिली. प्रत्येक बटणाचे नाव व कार्य त्या त्या आज्ञावलीनेच स्क्रीन रीडरला कळवावे, अशी व्यवस्था मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये उपलब्ध केली.

ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेली एनव्हीडीए ही आज्ञावली विनामूल्य असून तिच्यात मराठी वाचनाचीही सोय आहे. तथापि मराठीतील अडचण वाणीपेक्षा मजकुराची अधिक आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये दिसतात देवनागरी अक्षरे, परंतु साठविलेले असतात रोमन चिन्हांचे संकेतांक. परिणामी डोळ्यांना शुद्ध मराठी भासणारे पान कानाला निरर्थक ऐकू येते. स्कॅन केलेले परिपत्रक हे तर निव्वळ चित्र. त्यातील अक्षरे आधी यंत्राकडून ओळखून घ्यावी लागतात.