यंत्र हाती आले, जमीन कुणाची?

धातुशोधक यंत्र हल्ली घरबसल्या मागवता येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या उमरखेडच्या एखाद्या हौशी तरुणाने ते मागवले, अंगणात फिरवून पाहिले, चार खिळे नि एक जुने कुलूप काढले की त्याच्यापुढे खरा प्रश्न उभा राहतो. आता हे घेऊन जायचे कुठे? पैनगंगेच्या कोरड्या पात्रात, गावाबाहेरच्या पडीक माळावर, ढासळलेल्या गढीत की शेजाऱ्याच्या शेतात? यंत्राच्या माहितीपुस्तकात याचे उत्तर नसते. ते सातबारावर, महसुलाच्या कायद्यात आणि १८७८ सालच्या एका जुन्या अधिनियमात असते.

या छंदाची ओढ आपल्याकडे आली ती मुख्यत्वे ब्रिटनमधून. तिकडे शेतमालकाची परवानगी काढून हजारो लोक सुटीच्या दिवशी रानात यंत्र फिरवतात. २००९ साली स्टॅफर्डशायरमध्ये एकाला अशाच शेतात सोन्याचांदीचा अँग्लो-सॅक्सन काळातला मोठा ठेवा सापडला. त्याची किंमत ३२ लाख ८५ हजार पौंड ठरली आणि ती शोधणारा व शेतमालक यांनी निम्मी निम्मी वाटून घेतली. मात्र तिथेही मोकळे रान नाही. २०१५ मध्ये हेरफर्डशायरमध्ये दोघांना सुमारे ३०० नाण्यांचा ठेवा मिळाला. त्यांनी तो सरकारला न कळवता विकायला काढला, आणि २०१९ मध्ये दोघांनाही तुरुंगवास झाला. त्यातली थोडीच नाणी परत मिळाली. बाकीची बहुतेक गेली ती गेलीच.

भारतात चित्र आणखी वेगळे आहे. या छंदासाठी राखलेली जमीन नाही आणि छंदाचा परवाना देणारी खिडकीही नाही. त्यामुळे प्रत्येक जागेची वेगळी चौकशी करावी लागते. उमरखेड तालुका डोळ्यांपुढे ठेवून ती केली की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आधी शेत. स्वतःच्या नावावरच्या शेतात यंत्र फिरवायला कुणाला विचारावे लागत नाही. दुसऱ्याच्या शेतात जायचे तर सातबारावर ज्याचे नाव आहे त्याची संमती हवी. जमीन सामाईक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची हवी, आणि बटाईने दिली असेल तर वाहणाऱ्यालाही विचारावे. तोंडी ‘जा ना बाप्पा’ यावर विसंबण्यापेक्षा साध्या कागदावर गट क्रमांक, तारीख आणि काही सापडल्यास काय करायचे हे लिहून घेतलेले बरे. कपाशी-सोयाबीन उभे असताना रानात पाय टाकण्यात अर्थ नाही. पीक निघून वखरणी होईपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात सोयीचा.

नदीचे पात्र कुणाचेच नाही, असा अनेकांचा समज असतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० नुसार नद्या, नाले, तलाव यांची पात्रे आणि सार्वजनिक रस्ते ही शासनाची मालमत्ता आहे. म्हणजे विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेची वाळू उपसण्याआधी जशी परवानगी लागते, तसेच तिथे खड्डे खणण्याचेही आहे. विदर्भात ज्याला ई-क्लास म्हणतात ती जमीनही सरकारीच. गुरे चरतात म्हणून ती मोकळी दिसते, पण तिथे कुदळ चालवायची तर तलाठी आणि तहसील कार्यालयापासून सुरुवात करावी लागते.

जंगलाचा विचार तर सोडूनच द्यावा. तालुक्याच्या दक्षिणेला पैनगंगा अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेशच करता येत नाही, आणि राखीव वनात जमीन उकरणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ खाली गुन्हा आहे. पैनगंगेवरचा सहस्रकुंडचा धबधबा पाहायला जाणाऱ्याने यंत्र घरीच ठेवावे.

राहिली जुनी देवळे, किल्ले आणि गढ्या. केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकाच्या हद्दीत परवानगीवाचून खोदकाम करता येत नाही. केंद्राच्या स्मारक कायद्यातल्या २०१० च्या दुरुस्तीनंतर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकाम व खाणकामाला मनाई आहे आणि त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे. नियम मोडल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६० चा वेगळा अधिनियम आहे. एखाद्या हेमाडपंती देवळापुढे निळा फलक नाही म्हणून ते बेवारस ठरत नाही. ते देवस्थानाचे, ग्रामपंचायतीचे किंवा खासगी मालकीचे असते.

या सगळ्यात सर्वांत मोलाची आणि सर्वांत असुरक्षित जागा कागदावर कुठेच ठळक दिसत नाही. ती म्हणजे पांढर. काळी कसायची आणि पांढरी वसायची, ही आपल्या गावांची जुनी मांडणी. शेकडो वर्षे माणसे एकाच जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यावर पुन्हा घरे उठली, चुलींची राख साचली, आणि त्यातून राखाडी-पांढुरक्या मातीचे टेकाड तयार झाले. पावसाने त्याची कड खचली की खापरे, विटांचे तुकडे, शंखाच्या बांगड्या, मणी उघडे पडतात. पुरातत्त्वज्ञ नव्या गावात गेले की आधी अशी टेकाडे शोधतात. विदर्भात पवनी, कौंडिण्यपूर, अडम, भोन अशा ठिकाणी झालेल्या उत्खननांनी या प्रदेशाचा दोन हजार वर्षांहून जुना इतिहास उजेडात आणला. अशी कितीतरी टेकाडे आजही खणली गेलेली नाहीत आणि संरक्षितही नाहीत. खत म्हणून त्यांची माती शेतात नेली जाते, भरावासाठी ट्रॅक्टर लागतात. धातुशोधक यंत्राला इथे पावलोपावली आवाज येईल, आणि नेमके म्हणूनच ते इथे फिरवू नये.

यामागचे कारण दायमाबादने फार स्पष्ट करून ठेवले आहे. अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या या गावी १९७४ साली झाडाचे मूळ खणताना एका ग्रामस्थाला चार मोठ्या ब्राँझ वस्तू मिळाल्या: बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा माणूस, गेंडा, हत्ती व रेडा. साऱ्यांचे मिळून वजन ६० किलोहून जास्त. भारतीय कलेच्या इतिहासात या वस्तूंना तोड नाही. पण त्या उत्खननात थरांसह मिळाल्या नाहीत. पुढे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केले, तरीही वस्तू नेमक्या कोणत्या काळातल्या यावर अभ्यासकांचे वाद झाले. काहींनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, तर काहींनी धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून शंका घेतली. शेजारी कोणते खापर होते, वस्तू कोणत्या थरात होती, एवढे नोंदले गेले असते तर बराच वाद मिटला असता.

उलट उदाहरण उमरखेडच्या शेजारच्याच वाशीम जिल्ह्यातले. मंगरूळपीर तालुक्यातल्या तऱ्हाळा गावी १९३९ साली सातवाहनांच्या सुमारे १६०० नाण्यांचा साठा सापडला. तो एकत्र राहिला आणि नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या अभ्यासाला मिळाला. त्या नाण्यांवर कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी, शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत न आढळणारी राजांची नावे निघाली. यातली पाच-पन्नास नाणी सोनाराकडे गेली असती तर एखाद्या राजाचे नावच आपल्याला कळले नसते. नाशिकजवळच्या जोगलटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप नहपानाची १३,२५० चांदीची नाणी मिळाली. त्यांपैकी दोन तृतीयांशाहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याला हरवले याचा याहून ठसठशीत पुरावा क्वचितच मिळतो, आणि तो एखाद्या सुट्या नाण्यातून नव्हे, तर अख्ख्या साठ्याच्या मोजणीतून मिळाला.

सापडलेल्या वस्तूचे पुढे काय करायचे, हे भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८ सांगतो. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून अधिक मोलाची कोणतीही वस्तू सापडली तर ती काय आहे, अंदाजे किती मोलाची आहे, कुठे आणि कधी मिळाली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावी लागते किंवा ती हजर करण्याची हमी द्यावी लागते. मग अधिसूचना निघते आणि दावेदारांना चार ते सहा महिन्यांनंतरची तारीख मिळते. ठेवा बेवारस ठरला, जागेच्या मालकानेही हक्क सांगितला आणि दोघांत वेगळा करार नसेल, तर तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला मिळतो. शासनाला तो हवा असल्यास धातूच्या किमतीवर आणखी एक पंचमांश देऊन ते घेऊ शकते. दडवून ठेवले तर मात्र वाटा जप्त होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याने शोधणाऱ्याला उपाशी ठेवलेले नाही. तरीही भीतीपोटी लोक कळवत नाहीत, हे दुर्दैव आहे. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखली भागात खोदकामात मिळालेली २१६ सोन्याची नाणी अखेर पोलिसांनी ताब्यात घेतली. वेळीच कळवले असते तर तीच नाणी सन्मानाने सरकारदरबारी गेली असती.

त्यात वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष अधिनियमही लागू होतो. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ‘जुनी नाणी विका, लाखो कमवा’ अशा जाहिरातींना भुलण्याआधी हे ठाऊक असलेले बरे.

आणि मग गुप्तधन. पायाळू माणसाला जमिनीतला हंडा दिसतो, अमावास्येला पूजा मांडली की नाग बाजूला होतो, अशा समजुतींचा धंदा करणारे भोंदू खेड्यापाड्यांत आजही फिरतात. आता त्यांच्या हाती कधी कधी यंत्रही असते. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने मौल्यवान वस्तूंच्या वा गुप्तधनाच्या शोधासाठी केलेली अघोरी कृत्ये गुन्हा ठरवली आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. कुणी यंत्र आणि पूजासाहित्य एकाच पिशवीत घेऊन दारात आला, तर पोलीस ठाण्यात कळवणे हेच योग्य.

यंत्राची ताकद नेमकी किती, हेही समजून घ्यायला हवे. त्याच्या तबकडीतल्या तारेच्या वेटोळ्यातून बदलते चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते. धातूत त्यामुळे भोवरी प्रवाह निर्माण होतात आणि त्यांची खूण परत तबकडीला कळते. साधे यंत्र नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंतच ओळखते. पुरुषभर खोलीवरचा सोन्याचा हंडा दाखवणारे यंत्र म्हणून जे विकले जाते, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. शिवाय आपली काळी माती बेसॉल्टपासून बनलेली, लोहखनिजयुक्त. तिच्यावर यंत्र आधी जमिनीशी जुळवून घ्यावे लागते, नाहीतर ते विनाकारण किरकिरत राहते. जुळवले तरी शेतात वाजते ते बहुधा वखराची तुटकी पास, डवऱ्याचा तुकडा, बैलाच्या खुराची झिजलेली नाल किंवा औषधाच्या बाटलीचे झाकण.

तरी या यंत्राला प्रामाणिक काम भरपूर आहे. कापूस वेचताना पडलेली अंगठी, निंदणीत निसटलेले जोडवे, मातीत गाडली गेलेली लोखंडी पाइपलाइन किंवा तिचा व्हॉल्व्ह शोधायला ते उत्तम. मालकाच्या बोलावण्यावरून, त्याच्याच शेतात, वरच्या नांगरटीच्या मातीतून हरवलेली वस्तू काढून देणाऱ्याला कुणी अडवणार नाही. खापरांचा थर किंवा विटांची ओळ दिसली की तिथेच हात थांबवावा.

आणि खरोखर काही जुने हाती लागलेच, तर ते घासूपुसू नये. चिंचेच्या पाण्याने चकचकीत केलेल्या नाण्यावरची अक्षरे कायमची जाऊ शकतात. जागेचा फोटो काढावा, मोबाइलवर स्थान नोंदवावे, खड्डा पुढे वाढवू नये. मग उमरखेडच्या तहसील कार्यालयामार्फत यवतमाळच्या जिल्हाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. प्रत राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाच्या नागपूर कार्यालयाला पाठवावी. ज्याला इतिहासाचीच ओढ आहे त्याने यंत्राआधी वही घ्यावी. आपल्या पंचक्रोशीतली पांढरीची टेकाडे, वीरगळ, सतीशिळा, बारवा यांची गावनिहाय यादी करायला खणावे लागत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज येथील अभ्यासकांना अशा नोंदी उपयोगी पडतात, आणि पुढचे उत्खनन कुठे करावे हे ठरवायला त्यांची मदत होते.