कौलाचे वजन, पत्र्याची पकड

कल्याण सोडून गाडी कर्जतच्या वाटेला लागली की खिडकीतून दिसणाऱ्या छपरांवरूनच स्टेशन ओळखावे, इतका या पट्ट्यातील घरांच्या माथ्यांत फरक आहे. उल्हासनगरला सिमेंटच्या गच्च्या आणि त्यांच्यावर निळ्या-लाल पत्र्यांच्या शेडी, अंबरनाथला कारखान्यांची लांबच लांब उतरती छपरे, आणि बदलापूर मागे पडून वांगणी येईपर्यंत मधूनमधून मंगलोरी कौलांची घरे. या कौलारू घरांवर आता एक नवाच प्रकार दिसू लागला आहे. लांबून पाहावे तर कौल, हात लावून पाहावे तर पत्रा! कौलाचा आकार दाबून काढलेला, रंग दिलेला किंवा वर बारीक खडी चिकटवलेला हा हलका पत्रा. घरे त्याच्याकडे का वळतात हे समजण्यासारखे आहे. मात्र तो चढवताना कोणती गोष्ट विसरली जाते, हे सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

आधी थोडे मागे जाऊ. आपण ज्याला सहजपणे 'मंगलोरी' म्हणतो ते कौल बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळुरास काढलेल्या कारखान्यातून आले. त्यापूर्वी आपल्याकडे कुंभाराने घडवलेली नळीची कौले होती. पत्रा कौलापेक्षा जुना आहे, हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. पन्हाळी पत्र्याचे पेटंट हेन्री पामर या इंग्रज इंजिनियरने १८२९ मध्ये घेतले, आणि लोखंडाला जस्ताचे कवच देण्याची रीत सोरेल या फ्रेंच माणसाने १८३७ मध्ये नोंदवली. खडी चिकटवलेले पत्र्याचे कौल मात्र अलीकडचे. १९५० नंतरच्या दशकात न्यूझीलंडमध्ये ते रूढ झाले. आज ज्या पत्र्यावर ही कौले दाबतात त्यावर बहुधा जस्त आणि अ‍ॅल्युमिनियम यांच्या मिश्रणाचे कवच असते. ५५ टक्के अ‍ॅल्युमिनियमचे हे मिश्रण १९७२ पासून बाजारात आहे, आणि नुसत्या जस्तापेक्षा ते गंजाला अधिक काळ तोंड देते. अंबरनाथच्या कारखान्यांच्या शेजारी राहणाऱ्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगायला नको.

आता वजनाचा हिशेब करू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. एक मंगलोरी कौल साधारण अडीच किलोचे, आणि एका चौरस मीटरला अशी पंधरा कौले लागतात. म्हणजे सदतीस-अडतीस किलो, आणि आढ्यावरची कौले व रिपा धरल्या तर चाळिसाच्या वर. पावसाळ्यात कौल पाणी पिते तेव्हा आणखी. चार इंची सिमेंटचा स्लॅब एका चौरस मीटरला अडीचशे किलो भरतो. आणि पत्र्याचे खडीदार कौल? सहा-सात किलो. साधा अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा तर चारच किलो! वीस फूट बाय सव्वीस फुटांच्या घराला वळचणीसकट सुमारे ५५ चौरस मीटर छप्पर लागते. त्यावर कौले घातली तर बावीसशे किलो, पत्र्याची कौले घातली तर पावणेचारशे.

हा फरक जुन्या घराला वरदान वाटावा असाच आहे. वाळवीने पोखरलेले वासे, बाकलेले आढे, मातीच्या भिंती यांच्या डोक्यावरचा पावणेदोन टनांचा भार उतरतो. शिवाय दरवर्षी मे महिन्यात कौले शाकारायला माणूस शोधण्याची यातायात वाचते. शाकारणीची जाण असलेली माणसे आता फारशी उरलेली नाहीत आणि जी आहेत त्यांचे गुडघे शिडीला तयार नाहीत. माकडांची एक टोळी आढ्यावरून धावत गेली की पंचवीस-तीस कौलांचा निकाल लागतो, हेही ज्याच्या घरावर बेतले त्यालाच ठाऊक. उल्हासनगरसारख्या ठिकाणी तर वजनाचा प्रश्न जिवाशी गाठ घालणारा आहे. २०२१ सालच्या मे महिन्यात तेथे दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसे दगावली. गळक्या गच्चीवर डांबराचा, मग कोब्याचा, मग लाद्यांचा असे थरावर थर चढवत गेल्यास खालच्या स्लॅबवर काय येते, याचा हिशेब कोणी करत नाही. त्यापेक्षा वर हलके छप्पर उभारणे शहाणपणाचे. मात्र त्याचे खांब स्लॅबच्या मधोमध न टेकता खालच्या कॉलमवर आले पाहिजेत आणि त्याआधी इंजिनियरचा सल्ला व नगरपालिकेची परवानगी घेतली पाहिजे.

पण वजन गेले म्हणजे आणखीही एक गोष्ट गेली. कौल छपरावर राहते ते मुख्यतः आपल्या वजनाने. त्याला खिळा नसतो. पाठीवरच्या खोबणीने ते रिपेला अडकते आणि जडपणाने बसून राहते. अंबरनाथचे शिवमंदिर शके ९८२, म्हणजे इ.स. १०६० पासून उभे आहे, तेही दगडाने दगडाला दाबून धरल्यामुळेच. पत्र्याला असा जडपणा नाही. त्याला धरून ठेवायचे काम स्क्रूने, रिपेने, वाशाने आणि शेवटी भिंतीने करायचे असते.

वारा छपराला खाली दाबतो, ही आपली समजूत अर्धीच खरी आहे. उतरत्या छपरावरून वारा वेगाने जातो तेव्हा मागच्या पाख्यावर, आणि उतार कमी असेल तर पुढच्याही पाख्यावर, हवेचा दाब कमी होतो व छप्पर वर ओढले जाते. त्यातच वाऱ्याच्या बाजूची खिडकी उघडी असली की आत शिरलेली हवा खालून ढकलते. भारतीय मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरला आहे. या वेगाला एका चौरस मीटरवर पडणारा दाब ११८ किलोच्या जवळपास येतो. हा आकडा उघड्या माळावरचा. घरांच्या दाटीत तो कमी होतो. आपण निम्माच धरू, साठ किलो. कौलाचे स्वतःचे वजन चाळीस, तेव्हा ते बरीचशी ओढ सोसते, आणि कौलांच्या फटींतून हवा निसटून दाबही थोडा सारखा होतो. पत्र्याचे वजन सात. म्हणजे उरलेल्या त्रेपन्न किलोंचे काय? आपल्या ५५ चौरस मीटरच्या घरावर ही ओढ तीन टनांच्या आसपास जाते!

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागले तेव्हा हजारो घरांची छपरे गेली. कौलेही गेली, नाही असे नाही. पण कौल फुटते, सरकते, जागच्या जागी किंवा अंगणात पडते. पत्रा उडाला की शेजाऱ्याच्या दारात सुरीसारखा उतरतो. आपला पट्टा किनाऱ्यापासून आत आहे आणि पश्चिमेला मलंगगड, तावली, चंदेरी ही रांग आडवी आहे, म्हणून निर्धास्त राहावे असे कोणी म्हणेल. डोंगर वारा अडवतो तसा खिंडींतून वळवून जोरानेही सोडतो, हे बदलापूरकरांना जूनच्या पहिल्या वादळी सरीत दरवर्षी दिसते.

तीन टनांची ही ओढ स्क्रूंवर वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला फार येत नाही. चौरस मीटरला आठ स्क्रू धरले तर चारशे चाळीस होतात आणि एकेकाला सहा-सात किलो. चांगला स्क्रू याच्या कितीतरी पट सोसतो. मग छपरे उडतात का? कारण साखळी तिच्या सर्वांत कच्च्या कडीपाशी तुटते आणि ती कडी बहुधा स्क्रूच्या खाली असते. रीप वाशाला एका जुन्या खिळ्याने अडकवलेली, वासा भिंतीवर नुसता टेकलेला. कौलांच्या भाराखाली पन्नास वर्षे हे चालले, कारण सगळा जोर खालीच होता. पत्रा चढवला की जोराची दिशा उलटते. म्हणून प्रत्येक वासा लोखंडी पट्टीने भिंतीला बांधायचा आणि ती पट्टी भिंतीत हात-दीड हात खाली नेऊन घट्ट करायची. मातीच्या भिंतीत पट्टी धरत नाही. तिथे कोपऱ्यांत व मध्ये खांब उभे करून त्यांच्यावर लोखंडी कैच्या बसवणेच बरे. खर्च वाढतो, पण पत्र्यावर घातलेले पैसे याच पट्ट्यांवर टिकतात.

काम कसे चालते ते आता थोडक्यात पाहू. कौले उतरवताना दोन्ही पाखी बरोबरीने उतरवायची. एक पाखे मोकळे आणि दुसरे भरलेले राहिले तर जुना सांगाडा एका अंगाला कलतो. नंतर वासे तपासून कुजके बदलायचे आणि ओळंबा व दोरी लावून छप्पर काटकोनात आहे का ते पाहायचे. पन्नास वर्षांचे घर काटकोनात असले तर नवलच! नव्या रिपा लाकडी किंवा चौकोनी लोखंडी पाईपच्या घेतात. त्यांतील अंतर कौलाप्रमाणे जमवायचे, आपल्या सोयीने नव्हे. पत्र्यावर जी पायरी दाबलेली असते ती बरोबर रिपेवर यावी लागते. बनावटीप्रमाणे हे अंतर ३५० ते ४०० मिलिमीटरच्या दरम्यान असते. पहिल्या दोन रिपा चुकल्या की चूक आढ्यापर्यंत चढत जाते आणि तिथे पट्टी कापून वेळ मारून नेली जाते. गळती नेमकी तिथून सुरू होते.

उताराची चिंता जुन्या कौलारू घराला सहसा नसते. दोन फूट आडवे गेल्यावर एक फूट चढणारे पाखे पत्र्याला भरपूर झाले. गच्चीवरच्या शेडीत मात्र उंची वाचवण्यासाठी उतार मारतात, आणि मग आढ्याचे पाणी वळचणीला जाण्याऐवजी जोडांतून घरात येते. आपल्याकडे पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. शंभर मिलिमीटरच्या एका दिवसात आपल्या ५५ मीटरच्या छपरावरून साडेपाच हजार लिटर पाणी वाहून जाते.

लांब पत्रे वळचणीकडून वर लावत जातात. खडीदार लहान कौले मात्र पुष्कळदा आढ्याकडून खाली लावतात. वरच्या ओळीची कड उचलून खालची ओळ तिच्यात सरकवायची, म्हणजे लावलेल्या भागावर पाय द्यावा लागत नाही. शेजारच्या पत्र्यांचा जोड नैर्ऋत्येच्या वाऱ्याकडे तोंड करून ठेवायचा नाही. साध्या पन्हाळी पत्र्याला छिद्र उंचवट्यावर पाडतात, कारण पाणी खोलगटातून वाहते. लांब कौलपत्र्याचा स्क्रू मात्र पायरीच्या लगत खाली, जिथे पत्रा रिपेला टेकतो तिथेच मारायचा असतो. उंचवट्यावर मारला तर खाली पोकळी राहते आणि पत्रा दबतो. खडीदार कौलाचा स्क्रू तर समोरच्या उभ्या कडेतून आडवा जातो. पाण्याला तिथे थांबायला जागाच नसते. स्क्रूखालचा रबरी वॉशर किंचित फुगेल इतपतच आवळायचा. पिळून काढला तर उन्हाने दोन वर्षांत फाटतो. वळचण, आढे आणि दोन्ही टोके येथे वाऱ्याची ओढ सर्वांत जास्त असते, म्हणून तिथे स्क्रू दाट.

आमच्याकडच्या कारागिरांच्या हातात ग्राइंडर असतो, आणि तो त्यांना खाली ठेववत नाही. ग्राइंडरने पत्रा कापला की कडेचे कवच जळते आणि उडालेल्या ठिणग्या रंगात रुतून आठवड्यात गंजाचे ठिपके उठतात. पत्रा कातरीनेच कापावा आणि संध्याकाळी ड्रिलचा चुरा झाडून खाली उतरावे. दुसरी खोड गवंड्याची. भिंत आणि छपराच्या सांध्यात तो ओले सिमेंट थापतो. ओल्या सिमेंटचा क्षार अ‍ॅल्युमिनियमच्या कवचाला खातो आणि उन्हात पत्रा फुगून-आकसून सिमेंट सुटते ते वेगळेच. तिथे पत्र्याची वाकवलेली पट्टी भिंतीत खाच करून बसवावी.

ज्या घरांवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत त्यांनी आणखी जपावे. त्यांत अ‍ॅस्बेस्टॉस असते. फोडताना उडणारी धूळ फुप्फुसात गेली तर वर्षांनंतर रोग देते. पत्रे भिजवून, तोंड झाकून, न फोडता अखंड उतरवावेत. त्यांच्यावर पाय देऊ नये. जुना पत्रा आवाज न करता तुटतो. पट्टा आणि दोर बांधल्याशिवाय कोणालाही वर चढवू नये, मग तो 'सवय आहे' म्हणून कितीही हसला तरी.

उकाड्याबद्दल खोटे बोलण्यात अर्थ नाही. कौलाखालची दुपार आणि पत्र्याखालची दुपार एक नव्हे. खडीने पावसाचा ताशा मंदावतो, पण उष्णता थांबवायला पत्र्याखाली हवेची पोकळी, तिच्याखाली लाकडी फळ्यांचे किंवा तशाच कशाचे अस्तर आणि आढ्याशी हवेला बाहेर जाण्याची वाट लागते. कौलांतून चुलीचा धूर आपोआप जात असे. पत्र्यातून तो जात नाही, म्हणून चूल पेटणाऱ्या घरात धुराडे हवेच. विजेची वायर पत्र्याला घासत असेल तर ती आधी हलवावी आणि छप्पर जाणत्या वायरमनकडून जमिनीशी जोडून घ्यावे.

हे सारे मे महिन्याच्या मध्यापर्यंत उरकायचे. पहिला मोठा पाऊस पडला की एकदा माळ्यावर बॅटरी घेऊन चढावे आणि ओले डाग खडूने खुणावून ठेवावेत, म्हणजे उघडीप मिळताच नेमका स्क्रू सापडतो. उतरवलेल्या कौलांतली धड कौले परसात उभी रचून ठेवावी. गोठ्याला लागतात, आणि ज्याने अजून पत्रा घातलेला नाही असा शेजारी माकडांनंतर मागायला येतोच.