जिंकता जिंकता वय झालेला संघ

२३ मे २००७ च्या रात्री अथेन्समध्ये एसी मिलाननं लिव्हरपूलला २-१ असं हरवलं आणि सातव्यांदा युरोपचं विजेतेपद मिळवलं. कर्णधार पाओलो माल्दिनी महिन्याभरात ३९ वर्षांचा होणार होता. दोन्ही गोल करणारा फिलिप्पो इन्झागी ३३ चा, गोलरक्षक दिदाही ३३ चा. सुरुवातीच्या अकरांत सगळ्यात लहान होता २५ वर्षांचा काका आणि त्याच्यानंतरचा तरुण म्हणजे २८ चा पिर्लो! संघाचं सरासरी वय ३१ च्या घरात होतं. त्या रात्री कुणी म्हटलं असतं की या संघात आता तातडीनं तरुण माणसं आणा, तर त्याचं कोण ऐकणार होतं? पण संघ बदलायला घ्यायची वेळ तीच होती. हातात चषक होता, तिजोरीत बक्षिसाचा पैसा होता आणि मिलानकडून खेळायला नाही म्हणणारा तरुण खेळाडू तेव्हा युरोपात सापडला नसता.

जेमतेम नऊ महिन्यांनी, मार्च २००८ मध्ये, आर्सेनलचा संघ सान सिरोवर आला. लंडनमधला पहिला सामना गोलशून्य सुटला होता. इथे ८४ व्या मिनिटापर्यंत तसंच चाललं होतं. मग २० वर्षांच्या सेस्क फाब्रेगासनं लांबून गोल केला. पाठोपाठ, बदली म्हणून आलेल्या १८ वर्षांच्या थिओ वॉलकॉटनं उजवीकडून मुसंडी मारून आदेबायोरला दुसरा गोल काढून दिला. गतविजेते बाहेर. त्या हंगामात इटालियन लीगमध्ये मिलान पाचवा आला, फियोरेंटिनाच्या दोन गुणांनी मागे राहिला आणि पुढच्या वर्षीच्या चॅम्पियन्स लीगला मुकला.

वय झालेला संघ एकाएकी वाईट खेळत नाही, म्हणून तर ते लवकर ध्यानात येत नाही. पासची अचूकता तशीच असते, जागा हेरण्याची नजर तर वाढलेलीच असते. कमी होतो तो पूर्ण वेगानं धावण्याचा आणि तसंच पुन्हा धावण्याचा दम. चेंडू गमावल्यावर उलट फिरून मागे धावताना पाव सेकंद जास्त लागतो. बुधवारी खेळून रविवारी पुन्हा उभं राहायचं म्हटलं की मांडीचे स्नायू कुरकुरतात, आणि एकदा दुखावलेला स्नायू बरा व्हायला आधीपेक्षा जास्त आठवडे घेतो. हे सगळ्यांना सारखं लागू नाही. गोलरक्षक आणि मधले बचावपटू पस्तिशीपर्यंत टिकतात, बगलेवरून पळणाऱ्यांची धार तिशीच्या आसपासच बोथट होऊ लागते. एखाद-दुसरा वयस्क खेळाडू संघ सहज सांभाळून घेतो. शेजारचा तरुण त्याच्या वाटचं धावतो. पण मिलानच्या मधल्या फळीत गाटूसो, पिर्लो, अँब्रोसिनी आणि सीडॉर्फ हे चौघं एकदमच तिशीच्या उंबरठ्यावर पोचले होते. कुणी कुणासाठी धावायचं?

मिलाननं पैसा खर्चच केला नाही, असं मात्र नाही. २००७ मध्ये ब्राझीलच्या १७ वर्षांच्या अलेशांद्रे पातोसाठी क्लबनं दोन कोटींहून अधिक युरो मोजले, आणि ती चांगली खरेदी होती. त्याचं शरीर पुढे वारंवार दगा देईल हे तेव्हा कुणाला कळणार? पण बाकीची आवक पाहा. रोनाल्डो तिशीत आला आणि वर्षभरात त्याचा गुडघा गेला. एमर्सन ३१ चा. झांब्रोटा ३१ चा. रोनाल्डिन्यो बार्सिलोनातला बहर ओसरल्यावर आला. शेवचेन्को उसना परत आला, बेकहॅम ३३ व्या वर्षी उसना आला. नावं अशी की स्टेडियम भरेल, जर्सी खपतील. त्याच वेळी योआन गुरकुफसारखा तरुण याच संघात जागा न मिळाल्यानं बोर्दोला गेला आणि पहिल्याच वर्षी फ्रान्सचं विजेतेपद जिंकून देणाऱ्यांत अग्रभागी राहिला. मिलानच्या युवा संघातला ओबामेयांग एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे उसनवारीवर दिला जात राहिला, मुख्य संघाकडून एकही अधिकृत सामना न खेळता निघून गेला, आणि पुढे जर्मनी व इंग्लंड दोन्हीकडे सर्वाधिक गोल करणाऱ्यांच्या यादीत शिखरावर बसला. या दोघांची हळहळ मला अजून वाटते.

क्लबच्या हिशेबवहीत वयाचा अर्थ आणखी स्पष्ट दिसतो. एखादा २१ वर्षांचा खेळाडू चार कोटी युरोंना पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर ती रक्कम पाच वर्षांत विभागून दरवर्षी ८० लाख अशी खर्ची पडते. तीन वर्षांनी तो विकला तर बहुधा घातलेले पैसे सुटतात, नशीब असेल तर वर नफाही होतो. ३१ वर्षांचा नामांकित खेळाडू फुकट मिळाला तरी तो स्वस्त नसतो. त्याचा पगार आयुष्यातला सर्वात मोठा असतो आणि करार संपल्यावर हाती काहीच उरत नाही. असे आठ-दहा करार एकत्र झाले की पगाराचा बोजा वाढतो, विकण्यासारखं कुणी राहत नाही, आणि एखाद्या वर्षी चॅम्पियन्स लीग हुकली की उत्पन्नाचा मोठा झरा आटतो. मग ज्याला बाजारात खरी किंमत आहे अशा एकमेव माणसाला विकावं लागतं. २००९ मध्ये काका साडेसहा कोटी युरोंच्या आसपास किमतीला रेयाल माद्रिदला गेला तो असा. माल्दिनीची निवृत्ती आणि प्रशिक्षक अँचेलोटीचं चेल्सीला जाणं, हेही त्याच उन्हाळ्यात.

हे दिसत असूनही क्लब का थांबला? माझ्या मते दोन कारणं होती. एक म्हणजे कृतज्ञता. ज्यांनी दोनदा युरोप जिंकून दिला, त्यांच्या हातात करार वाढवून न देता निरोपाचं पत्र कसं ठेवायचं? मालक बर्लुस्कोनी आणि कारभारी गॅलियानी या जोडीला ते जमलं नाही आणि मला त्यांचा राग येत नाही. आपल्याकडेही क्रिकेटमधल्या थोरांच्या निवृत्तीचा विषय निघाला की निवड समितीची जीभ अशीच जड होते. दुसरं कारण ‘मिलान लॅब’. २००२ मध्ये उभारलेल्या या प्रयोगशाळेत खेळाडूंच्या शरीराची बारकाईनं मोजमापं होत, दुखापतीचा अंदाज बांधला जाई. माल्दिनी चाळिशीपर्यंत खेळला त्यात तिचाही वाटा असावा. पण त्या यशातून वय आपल्या मुठीत आलं, असा विश्वास क्लबमध्ये रुजला. एकेकाची कारकीर्द दोन वर्षांनी लांबली. आणि ती सगळ्यांची एकदमच लांबली.

२०११ मध्ये इब्राहिमोविच आणि थियागो सिल्व्हाच्या बळावर मिलान इटलीचा विजेता झाला खरा, पण त्याच उन्हाळ्यात क्लबला अचानक वयाचा धाक आठवला आणि ३२ वर्षांच्या पिर्लोला मोकळं केलं गेलं. तो युव्हेंटसला गेला आणि तिथे सलग चार वर्षं लीग जिंकली. कुणाला ठेवायचं, कुणाला सोडायचं हे जन्मतारखेवरून ठरवलं की असं होतं. पिर्लोचा खेळ धावण्यावर कधी उभा नव्हताच. त्याच्या दोन्ही बाजूंना पळणारे तरुण दिले असते तर तो मिलानलाही तेच देऊन गेला असता.

शेवटी २०१२ चा उन्हाळा आला. नेस्टा, गाटूसो, सीडॉर्फ, इन्झागी, झांब्रोटा एकाच वेळी गेले, आणि पैशासाठी इब्राहिमोविच आणि थियागो सिल्व्हा पॅरिसला विकले गेले. (नेस्टा २०१४ मध्ये चेन्नईयिनकडून खेळायला भारतात आला होता; आपल्या इंडियन सुपर लीगचा पहिला हंगाम अशाच मावळत्या नावांवर उभा होता, गोव्याकडे पिरेस, मुंबईकडे अनेल्का.) सात-आठ वर्षांत थोडं थोडं करायचं काम मिलानला एका उन्हाळ्यात करावं लागलं. पुढे लीगमध्ये आठवा, दहावा, सातवा असे क्रमांक आले. चॅम्पियन्स लीगपासून क्लब सलग सात हंगाम दूर राहिला, मालक दोनदा बदलले.

सावरला तो २०१९ नंतर, विशी-बाविशीतली पोरं वेचून. राफाएल लियाओ, थिओ हर्नांडेझ, बेनासेर, मग टोनाली, टोमोरी, कालुलू. त्यांच्यामध्ये ३८ वर्षांचा इब्राहिमोविच परत आणला, नंतर ३४ चा जिरू. २०२२ मध्ये मिलान अकरा वर्षांनी इटलीचा विजेता झाला. वयस्कांचा असा उपयोग मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो: दोघंच, आणि भोवती त्यांच्या वाटचं धावणारे.

तिथेही काम संपलं नाही, कारण तरुण चमकला की त्याला गिऱ्हाईक येतं. लहानपणापासून मिलानचाच चाहता असलेला टोनाली २०२३ मध्ये न्यूकॅसलला विकला गेला, त्या पैशातून रायंडर्स आणि पुलिसिच यांच्यासारखे खेळाडू उभे राहिले, आणि २०२५ मध्ये रायंडर्सही मँचेस्टर सिटीला गेला. त्याच उन्हाळ्यात, लीगमध्ये आठव्या क्रमांकावर घसरलेल्या मिलाननं चाळिशीला टेकलेल्या लुका मॉड्रिचला आणलं. मला त्याची धास्ती वाटली नाही, कारण त्याच्याबरोबर मधल्या फळीसाठी रिची आणि जशारी हे तेविशी-चोविशीतले दोघंही विकत घेतले होते. मॉड्रिचच्या प्रत्येक सुरेख पासाला मी दाद देईनच. पण सामन्याची उतरती मिनिटं आली की माझं लक्ष त्या दोघांना किती वेळ खेळवलं जातंय, याकडे असेल.