किरणच लिहितो आकडे
जुन्या टेकट्रॉनिक्स ऑसिलोस्कोपच्या पडद्यावरचे आकडे कोण लिहितं, असं मुलं मला नेहमी विचारतात. संगणक नाही हो! १९६९ साली आलेल्या ७००० मालिकेत लहर काढणारा किरणच क्षणभर ती सोडून अक्षरं गिरवतो. अक्षरांची वळणं बॅरी गिल्बर्ट यांच्या चिपांतच कोरलेली. कुठलं अक्षर काढायचं, ते प्लग-इनमधल्या रोधांतून येणारा प्रवाह सांगतो. खुणेची पिन असलेला दहापट प्रोब लावला की आकडाही आपोआप बदलतो. नाहीतर ३०० व्होल्टना ३० समजून माणूस हात घालायचा! खोट एकच. किरण लिहायला गेला की तेवढी लहर तुटते. म्हणून एकदाच येणारा स्पंद पकडायचा असेल, तर मी आकडे बंदच ठेवतो.