‘मला काय त्याचं?’ असं म्हणता येत नाही

समजा, तुम्ही एसवाय बीकॉमला आहात आणि पॉकेटमनीसाठी संध्याकाळी बिल्डिंगमधल्या चार पोरांच्या ट्यूशन घेता. त्यातली तिसरीतली एक मुलगी मध्येच म्हणते, ‘ताई, मला व्हॅनवाल्या काकांच्या शेजारी नाही बसायचं.’ का गं, विचारलं तर खाली बघते. दोन दिवसांनी थोडंसं सांगते, आणि लगेच, ‘आईला नको सांगूस हं.’

आता तुम्ही काय करणार?

आपण कोण लागतो? तिचे आईवडील आहेत, शाळा आहे. आपला गैरसमज झाला असेल तर? उगाच एका माणसाच्या पोटावर पाय यायचा. हे सगळे प्रश्न मनात येणारच. पण त्यातल्या बऱ्याच प्रश्नांची उत्तरं कायद्याने आधीच देऊन ठेवलीयत.

अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत शिक्षक, डॉक्टर, समाजसेवक अशी ठरावीक लोकांची यादी असते. मुलावर अत्याचार होत असल्याची शंका आली तर ती कळवणं त्यांना बंधनकारक. आपल्याकडे लैंगिक अत्याचारापुरती अशी यादीच नाही. २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ ‘कोणतीही व्यक्ती’ म्हणतं. म्हणजे ट्यूशनवाली ताई, क्रिकेट कोचिंगचा दादा, एनएसएस कॅम्पवर गेलेला स्वयंसेवक, शाळेत इंटर्नशिप करणारी एमएसडब्ल्यूची मुलगी, सगळेच. १८ वर्षांखालच्या मुलामुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा होईल अशी धास्ती वाटली, तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला सांगायचं. माहीत असून सांगितलं नाही तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत.

हे फक्त कागदावर नाही. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्यात एका वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरचे अत्याचार २०१९मध्ये उघडकीला आले. मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरवर, कळूनही पोलिसांना सांगितलं नाही, असा आरोप ठेवला गेला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला. नोव्हेंबर २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने तो आदेश बाजूला सारला. माहीत असून गप्प राहणं हाच गंभीर गुन्हा आहे आणि बहुतेक वेळा तो गुन्हेगाराला पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असं कोर्टाने स्पष्ट म्हटलं. बदलापूर तर आपल्या सगळ्यांना आठवतं. ऑगस्ट २०२४मध्ये तिथे चिमुरड्यांच्या पालकांना तक्रार नोंदवून घ्यावी म्हणून तासन्‌तास ताटकळावं लागलं. पुढे शाळेच्या पदाधिकाऱ्यांवरही माहिती न दिल्याचा गुन्हा दाखल झाला.

पण तुमच्यासाठी सगळ्यात अवघड असतात ती मूल बोलत असतानाची पाच मिनिटं. तिथेच आपण गडबडतो. ‘काय सांगतेस!’ असं किंचाळू नका. तुमचा चेहरा बघूनच मूल मिटून जातं. ‘कुणाला नाही सांगणार, प्रॉमिस’ हे तर अजिबात म्हणू नका, कारण ते तुम्हाला पाळता येणार नाही आणि मोठ्यांनी शब्द मोडल्याचा आणखी एक अनुभव तिच्या वाट्याला येईल. त्याऐवजी सरळ सांगा: ‘तू मला सांगितलंस ते चांगलं केलंस. यात तुझी काही चूक नाही. मी हे अशाच माणसांना सांगणार आहे, जी तुला मदत करू शकतात.’ मग ऐका. ‘काकांनी इथे हात लावला का? मग तिथे लावला का?’ अशी उलटतपासणी नको. प्रश्नातच उत्तर भरलेलं असलं की मूल ‘हो’ म्हणून मोकळं होतं, आणि पुढे कोर्टात बचाव पक्षाचा वकील नेमकं त्याच्यावरच बोट ठेवतो. ‘मग काय झालं?’ एवढं पुरे. घरी गेल्यावर तिचेच शब्द, जसेच्या तसे, तारीख-वेळ घालून वहीत लिहून ठेवा. मोबाइलवर रेकॉर्डिंग नको, फोटो नको. आणि कितीही रक्त तापलं तरी व्हॅनवाल्याला गाठून जाब विचारायला जाऊ नका. तो सावध होतो, मुलीला धमकावतो, पुरावे गायब होतात. खरं काय हे शोधणं पोलिसांचं काम. तुम्ही फक्त ऐकलेलं पोचवायचं.

पालकांना सांगायचं का? बहुतेक वेळा हो, आणि त्यांनाच सोबत घेऊन पोलीस स्टेशनला गेलात तर उत्तम. पण संशय घरातल्याच माणसावर असेल तर आधी घरी सांगणं म्हणजे मुलीला पुन्हा त्याच्याच ताब्यात देणं. हा अपवाद वाटतो तितका दुर्मीळ नाही, अत्याचार करणारा बहुतांश वेळा ओळखीचाच असतो.

कुठून सुरुवात करावी कळत नसेल तर १०९८ लावा. ही चोवीस तास चालणारी मोफत चाइल्ड हेल्पलाइन १९९६मध्ये मुंबईतच सुरू झाली. आता ती सरकार चालवतं आणि ती ११२शी जोडलेली आहे. ते पुढचा रस्ता दाखवतात. मात्र कायद्यात नाव पोलिसांचं आहे, त्यामुळे माहिती तिथे पोचली का, हे पुन्हा विचारा. पोलिसांनी ती लिहून घ्यायची, तिला नोंद क्रमांक द्यायचा आणि तुम्हाला वाचून दाखवायची, असं कलम १९च सांगतं. ‘आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर चालत नाही, झिरो एफआयआर करता येते. पोलिसांनी २४ तासांत बाल कल्याण समिती आणि विशेष कोर्टाला कळवायचं असतं. मुलीचा जबाब तिच्या घरी किंवा तिला हव्या त्या जागी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने आणि गणवेशात नसताना घ्यायचा. रात्री मुलाला पोलीस स्टेशनमध्ये ठेवता येत नाही.

क्लासचे सर म्हणतील, ‘आधी आपण अंतर्गत चौकशी करू, नाव खराब होईल.’ सरांना कळवा जरूर, पण त्याने तुमची जबाबदारी संपत नाही. आणि शंका चुकीची निघाली तर? चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीसाठी कुणावरही दिवाणी वा फौजदारी कारवाई होत नाही. शिक्षा आहे ती मुद्दाम, सूड उगवायला खोटी तक्रार करणाऱ्याला.

कॉलेज ग्रुपवर कधी तरी एखादा ‘क्लिप’ टाकतो. मूल असलेली ती क्लिप ‘बघा किती वाईट’ म्हणून पुढे पाठवणं हाही गुन्हाच. सप्टेंबर २०२४मध्ये सुप्रीम कोर्टाने असं काही बघणं आणि साठवणंही गुन्हा ठरू शकतो, असं बजावलं. राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर नाव न देता तक्रार करता येते. पीडित मुलीचं नाव, शाळा, इमारत स्टोरीवर टाकणं तर कधीच नाही, सहानुभूती म्हणूनही नाही.

या सक्तीचा एक बोचरा कोपरा आहे. सतरा वर्षांच्या मुलीचं तिच्या मर्जीने असलेलं नातंही कायद्याच्या लेखी गुन्हाच ठरतं, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने काही मुली डॉक्टरकडे जायलाच कचरतात. सप्टेंबर २०२२मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपाताबाबत थोडी वाट काढली: अल्पवयीन मुलीने आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरने पोलिसांना तिची ओळख सांगण्याची गरज नाही. माझ्या मते इथे कायद्याने आणखी विचार करायला हवा. पण त्या वादाचा आधार घेऊन आठ वर्षांच्या मुलीबाबत गप्प बसता येणार नाही.

आणि हे वाचणारे तुम्ही अजून अकरावी-बारावीत, अठराच्या आतले असाल, तर कळवलं नाही म्हणून तुम्हाला शिक्षा नाही. १०९८ मात्र तुमच्यासाठीही आहे, मैत्रिणीबद्दल सांगायचं असो की स्वतःबद्दल.