लाखेचा शिक्का

न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत मुद्देमाल स्वीकारण्याच्या खिडकीपाशी एक हवालदार खोकं दोन्ही हातांनी धरून उभे होते. आत व्हिसेराच्या, म्हणजे शवविच्छेदनात तपासणीसाठी काढलेल्या अवयवांच्या, चार बरण्या. एकीत जठर आणि लहान आतड्याचा तुकडा, दुसरीत यकृत, प्लीहा नि मूत्रपिंडाचे भाग, तिसरीत रक्त. चौथीत नुसतं मीठपाणी. मला वाटलं, ती चुकून आली.

"तीही तपासायची," विश्लेषक बाई म्हणाल्या. "अवयव मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. त्या द्रावणातच काही मिसळलेलं असलं तर?"

लिपिकाने बरण्यांत काय आहे ते पाहिलंही नाही. पाहिली ती लाख. पत्रावरचा शिक्क्याचा नमुना बरणीशेजारी धरून त्याने अक्षर न् अक्षर जुळवलं आणि नोंद केली : सील अखंड, पाठवलेल्या नमुन्याबरहुकूम.

मग आतलं काम. अवयव वजन करून बारीक करायचे, द्रावकाने त्यातला अर्क काढायचा. सिलिका जेलचा पांढरा थर दिलेल्या काचपट्टीवर अर्काचा एक थेंब, शेजारी माहीत असलेल्या कीटकनाशकाचा एक. पट्टी द्रावकात उभी केली, की वातीतून तेल चढावं तसा तो वर सरकतो. नंतर पॅलेडियम क्लोराइडचा फवारा. गंधकयुक्त ऑर्गेनोफॉस्फरस कीटकनाशक असेल, तर पिवळट-तपकिरी ठिपका उमटतो. दोन्ही ठिपके एका उंचीवर आले, तरी बाई मान हलवत नाहीत. "हा नुसता संशय." खात्री करायला नमुना जीसी-एमएस यंत्रात जातो.

शेवटी हाती येतो तो पोलीस आणि वकिलांच्या तोंडचा 'सीए रिपोर्ट', म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल. 1 जुलै 2024 पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 329 नुसार तज्ज्ञाला न बोलावताही तो पुराव्यात वाचता येतो. न्यायालयाला वाटलं तर तज्ज्ञालाही बोलावता येतं. पण बचावाचे वकील यंत्राच्या वाटेला क्वचितच जातात, बाई सांगत होत्या. त्यांचे प्रश्न साधे असतात. शवविच्छेदनानंतर बरण्या कुठे होत्या? पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल नोंदवहीत त्या कधी चढल्या? आणल्या कोणी?

ज्यांनी आणल्या, ते हवालदार अजून खिडकीपाशीच होते. पोच मिळाली. त्यांनी त्यावरची तारीख आणि शिक्का दोनदा पाहिला, कागद दुमडून खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.