मोटारीमागें मोटार : दोर, दांडा कीं गाडा?

नवीन पनवेलहून निघून कळंबोलीजवळ पुण्याचा द्रुतगति मार्ग धरला, कीं तासाभराच्या आंत बोरघाटाची चढण लागते. मोटार आतां पुष्कळांच्या घरीं आली आहे. तेव्हां एक वाहन दुसऱ्यामागें कसें जोडून न्यावें, हें घरांतील कर्त्या मंडळींनीं समजून घेणें अगत्याचें आहे, असें आम्हांस वाटतें.

अमेरिकेंत निजण्याजेवण्याची सोय असलेलें फिरतें घर, म्हणजे मोटरहोम, घेऊन लोक लांबचा प्रवास करितात व गांवांत हिंडण्याकरितां लहान मोटार मागें जोडतात. तेथें स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींनाहि मग तीन मार्गांतून एक निवडावा लागतो : चारी चाकें जमिनीवर ठेवून लोखंडी दांड्यानें ओढणें, दोन चाकें लहान गाड्यावर चढविणें, अथवा सबंध मोटार ट्रेलरवर घेणें. पहिला मार्ग सुटसुटीत खरा. परंतु स्वयंचलित गिअरच्या पुष्कळ मोटारींत वंगण फिरविणारा पंप इंजिनावर चालतो. इंजिन बंद असून चाकें फिरत राहिलीं, तर गिअरपेटी वंगणावांचून झिजते. मोटार पुढच्या चाकांवर चालत असेल, तर तींच उचलावीं; चारी चाकांवर चालणारी किंवा विजेची असेल, तर ट्रेलरच बरा.

महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण स्वीकारलें. तरी आपल्याकडे ओढण्याचा प्रसंग येतो तो बहुधा मोटार बंद पडल्यावर. १९८९ च्या केंद्रीय नियमांत दोन वाहनांतील अंतर ५ मीटरांहून अधिक नसावें व वेग ताशीं २४ किलोमीटरांच्या आंत असावा, असें सांगितलें होतें. २०१७ सालीं त्यांच्या जागीं नवे नियम आले. पण त्या मर्यादेंतील शहाणपण जुनें झालेलें नाहीं.

कारण दोर ओढूं शकतो, थोपवूं शकत नाहीं. १८६३ सालीं खुल्या झालेल्या बोरघाटाच्या लोहमार्गावर ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. म्हणून कर्जतला पुष्कळ गाड्यांच्या मागें जादा इंजिनें जोडतात. तीं रेटा देतात आणि जोडणी तुटलीच, तर डबे मागें घरंगळूं देत नाहींत. दोरानें बांधलेल्या मोटारीस असा पाठिराखा कोठून मिळणार?

शिवाय इंजिन बंद असतां ब्रेकास मिळणारें साहाय्य एकदोन दाबांत संपतें, चक्र जड होतें, आणि किल्ली काढल्यास तें अडकूनहि बसतें. हा सारा पंग्वंधन्यायाचा प्रकार आहे : पुढच्यापाशीं बळ, पण मागें दृष्टि नाहीं, मागच्यापाशीं दृष्टि, पण बळ नाहीं. आणि मागच्या आसनावर बहुधा घरांतला तरुण मुलगाच बसलेला असतो.

म्हणून आमचें सांगणें स्पष्ट आहे. सपाट रस्त्यावर, थोड्या अंतरापुरता, दांडा मिळाल्यास दांडाच वापरावा. घाटांत मात्र दोर गांठोड्यांतच राहूं द्यावा, मंडळींना कठड्यापलीकडे सुरक्षित उभें करावें आणि मोटार पाठीवर घेणाऱ्या गाड्याची वाट पाहावी. त्यांत दोन तास जातील, जाऊं द्यावेत.